आबांच्या रिळाचा शेवटचा दिवा

पस्तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. फळ्यावर माझी चूक काढणारी मुलगी मला अजून भेटायची आहे. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, या वयात माणसाकडे दुसरं असतं काय! पण आमच्या घरात, माजघरात, मी एकच चूक कितीतरी महिने मोठ्या ऐटीत करत राहिले, आणि तीही अशा धड्यातली, जो धडा त्याच दिवसांत मी सातवीच्या मुलींकडून घोकून घेत होते. प्रोजेक्टरच्या दिव्याची ती चूक.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात वीज येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. बंदराच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये डिझेलचं एक इंजिन बसवलं होतं, त्याला सगळे पॉवरहाऊस म्हणत. दिवसा वीज नसायची. दिवेलागणीला ते इंजिन धडधडायला लागलं की गावात उजेड व्हायचा. आमच्या घरात तीन दिवे होते आणि एक प्लग होता. त्या प्लगमध्ये काय घालायचं असतं हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे आबांनी त्याच्यावर कॅलेंडर टांगून ठेवलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. ताठ, चिडके, आणि मासळीच्या बाबतीत अत्यंत हळवे. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जायची, त्या जाळ्याशी ते स्वतः जाऊन उभे राहत आणि बोटाला दोरीत ओवलेल्या बांगड्यांची गाथण लटकावून घरी येत. दुसऱ्या कुणी आणलेला मासा त्यांना कधी ताजा वाटला नाही. आणि त्यांचा एक कायदा होता. ज्या दिव्याच्या उजेडात कुणी काही करत नाही, तो दिवा जळता कामा नये. कंदिलाच्या काळातला कायदा. मी पुस्तक ठेवून पाणी प्यायला उठले तरी पडवीतून आवाज यायचा, "गो चेडवा, भितुर कोण नाय, कंदील कोणासाठी जळता?" मग परत जाऊन वात खाली करायची आणि मगच पाणी प्यायचं. घरात वीज आल्यावर तोच कायदा बटणाला लागू झाला. आम्ही खोलीतून बाहेर पडलो की आमचा हात आपोआप बटणाकडे जायचा. माझा अजून जातो.

माझा मोठा भाऊ, दादा, बोटीवर इंजिनखात्यात होता. दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. त्या वर्षी तो आला तो एक छोटा सिनेमाचा कॅमेरा आणि एक जुना प्रोजेक्टर घेऊन. कुठल्याशा परदेशी बंदरातल्या जुन्या बाजारात त्याला तो मिळाला होता. हिरवट रंगाचं, शिवणाच्या मशीनपेक्षा थोडं लहान यंत्र, आणि त्याबरोबर दोन दिवे. एक आत बसवलेला आणि एक कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलेला.

सुटीभर दादाने कॅमेरा डोळ्याला लावून गाव पालथं घातलं. माडच माड घेतले, समुद्र घेतला, शेजारच्यांची म्हैस घेतली. शेवटी आई म्हणाली, "अरे, माणसांक पण घे मा जरा." मग एका सकाळी त्याने आबा किनाऱ्यावरून येताना पडवीत दबा धरून त्यांना घेतलं. आबांना हे अजिबात सांगितलेलं नव्हतं. ती फिल्म धुवायला परदेशी पाठवावी लागे. ती घेऊनच दादा बोटीवर गेला. जाताना त्याने मला यंत्र चालवायला शिकवलं आणि बजावलं, "ह्या दिव्याचो जीव लहान आसा हां. जपान वापर."

हे वाक्य मी मनात कोरून ठेवलं. पुढचं सगळं रामायण त्या 'जपान' शब्दाचा, म्हणजे 'जपून'चा, मी माझ्या मनाने जो अर्थ लावला, त्यामुळे झालं.

दादा गेला आणि महिन्याभरात, मार्गशीर्षात, आबा गेले. सकाळी मासे आणले, दुपारी जेवले, पडवीत आडवे झाले ते उठले नाहीत. दादाला तार कुठल्या बंदरात पोचली तेही आम्हाला नीट कळलं नाही. त्याला येता आलं नाही. घरात आई आणि मी, दोघीच राहिलो. आईने आबांचा जेवायचा पाट होता तिथेच, चुलीशेजारच्या भिंतीला उभा टेकवून ठेवला. मी तो हलवायचा म्हटलं तर म्हणाली, "आसांदे थंयच."

फाल्गुनात एक पार्सल आलं. आत दादाचं चार ओळींचं पत्र आणि एक छोटं रीळ. ते हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा समजलं की याच्यात आबा आहेत. मी आईला सांगितलं, "आई, दादान आबांचो सिनेमा धाडल्यान. आज तिनसांजेक लावया."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "वरीस होयपर्यंत माका काय्येक बघूचा नाय. तू बघ. कोण इला गेला तेंकाय दाखय."

आमच्याकडे तेव्हा रीतच तशी होती. नवरा गेलेली बाई वर्ष सरेपर्यंत चारचौघांत बसायची नाही, देवळात जायची नाही, दशावतार तर नाहीच नाही. यंत्रावर हलणारी चित्रं बघणं हा आईच्या लेखी खेळच होता, मग त्या खेळात तिचा नवरा असला तरी. मी वाद घातला, चिडले, "आपल्याच घरात, आपल्याच माणसाक बघूक कसली रीत?" असंही म्हटलं. तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. विषय संपला.

तर ठरलं असं: मार्गशीर्षात वर्षश्राद्ध होईल, आणि त्यानंतर आई आबांना बघेल. नऊ महिने ते यंत्र आणि त्याचा दिवा मला तिच्यासाठी सांभाळायचा होता. मी ती गोष्ट जितकी सोपी समजले तितकी ती नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी एकटीने रीळ बघितलं. आधी माड, समुद्र आणि ती म्हैस, आणि मग दीड मिनिट आबा. फाटकातून येतात. काखेत छत्री, बोटाला गाथण, धोतराचा सोगा वर खोचलेला. दादा दिसतो आणि ते चिडतात, तोंड हलतं, छत्रीने "हो बाजूक" करतात. मग पायरीशी वहाणा काढतात, तांब्यातलं पाणी पायांवर ओततात, आणि पायऱ्या चढून थेट आपल्या अंगावर आल्यासारखे मोठे मोठे होत घरात शिरतात. तिथे रीळ संपतं. मी रडले. मग लगेच आठवण होऊन दिवा बंद केला, कारण भिंतीवर नुसताच पांढरा उजेड पडला होता आणि त्या उजेडात कुणी काही करत नव्हतं.

माणसं यायला लागली. समाचाराला येणारी, शेजारची, आणि नंतर नंतर नुसती बघायला येणारी. आबा हलताना दिसतात ही बातमी मासळीबाजारापर्यंत गेली होती. मला नाही म्हणता येईना, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. सगळ्या गावात हे यंत्र एका बाईला चालवता येत होतं आणि ती बाई मी होते. मुलींच्या शाळेतली बाई काय काय करते बघा, असं कौतुक कानावर आलं की मी आणखी ताठ व्हायचे. आबांचीच मुलगी.

आणि काय दिवा जपायचे मी! सगळे बसले, मी दिवा लावला, माड सुरू झाले, की पायरीवरून हाक यायची, "आसात काय?" आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला अंधारात उभं करत नाहीत. गूळपाणी द्यायचं, 'येवा, बसा' करायचं. तोवर यंत्राचा दिवा फुकट कशाला जाळा? बंद. पाहुणे बसले, चालू. म्हैस आली, एखादीचं पोर रडलं, ती उठली, बंद. चालू. आबा दिसले रे दिसले की बायका ओरडायच्या, "इले, इले! आबा इले!" रीळ संपलं की "परत एकदा गो" व्हायचं. मग दिवा बंद, खोलीतला दिवा चालू, रीळ हाताने उलटं गुंडाळायचं, पुन्हा खोलीतला बंद, यंत्राचा चालू. एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा तरी मी ते बटण टक् टक् केलं असेल. दर वेळी वाटायचं, वाचवले की नाही दोन मिनिटांचे प्राण! शेवटी भिंतीतला प्लगच उपटायचे. दिव्याला वारा घालणारा यंत्रातला पंखा नाही, दिवा नाही, सगळं एकदम गप्प. यंत्र हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असायचं, पण मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

खरं म्हणजे रीळ मागे नेणारा एक दांडा यंत्राला होता. दिवा चालू ठेवूनच उलटं फिरवता यायचं. दादाने दाखवला होता. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच माझा हात चुकून त्याच्यावर पडला आणि आबा घरातून पाठमोरे न होता मागे मागे पायऱ्या उतरायला लागले. बायका फिदीफिदी हसल्या. मला इतका राग आला की मी जागच्या जागी दिवा बंद केला आणि त्या दांड्याला सुतळी बांधून टाकली. माझ्या वडिलांचा कुणी तमाशा केलेला मला चालणार नव्हता.

वैशाखात, मुंबईची माणसं गावी आली होती तेव्हा, पहिला दिवा गेला. बटण दाबलं, 'टिंग' असा बारीक आवाज आला, निळी झगझग झाली आणि काळोख. काच आतून काळी पडली होती. माझी पहिली प्रतिक्रिया, दिवाच नासका. जुन्या बाजारातल्या त्या दुकानदाराने दादाला फसवलं. दुसरी, पॉवरहाऊसची वीज वाकडी. स्वतःचं नाव यादीत तिसरंही आलं नाही. दादाला मी खरमरीत पत्र लिहिलं. बऱ्याच दिवसांनी कुठूनसं उत्तर आलं की हे यंत्र जुन्या बनावटीचं आहे, तीन बंदरांत हिंडलो, असले दिवे आता होत नाहीत, तेव्हा डब्यातला तेवढा सांभाळ.

मुंबईच्या एका दुकानालाही लिहून बघितलं. त्यांच्याकडेही नाही. सरकारी प्रचाराची गाडी अधूनमधून यायची, तिच्या यंत्राची फिल्म आमच्या रिळाच्या दुप्पट रुंद. म्हणजे कापसातला तो एक दिवा, आणि मार्गशीर्षाला अजून अर्धं वर्ष.

शहाण्या माणसाने यंत्र झाकून ठेवलं असतं. मी ठेवलंही, पंधरा दिवस. पण आबांची धाकटी बहीण देवगडहून आली, थकलेली, काठी टेकत. तिला नाही कसं म्हणणार? मग तिच्याबरोबर आलेल्यांना? दुसरा दिवा बसवला आणि आधीच्यापेक्षा दुप्पट काटकसर सुरू केली. आता तर म्हशीच्या वेळीही दिवा बंद करायचे, अंदाजाने रीळ पुढे सरकू द्यायचे आणि आबांच्या वेळीच लावायचे. दोन आठवड्यांत त्या नव्या काचेवरही वरच्या बाजूला धुरकट डाग दिसला. मी एवढं जपतेय, आणि हा एवढा लवकर म्हातारा कसा होतोय?

पॉवरहाऊसच्या इंजिनवाल्याला जाब विचारायला मी श्रावणात गेले. साठीकडे झुकलेला, हातापायांना कायम तेल लागलेलं, शाळा चौथीत सोडलेली. आबांशी त्याचे चांगले संबंध होते, किनाऱ्यावरून येताना आबा रोज त्याच्या शेडशी थांबून मासे दाखवायचे. मी त्याला व्होल्टेज, दाब, कमी-जास्त असं बरंच ऐकवलं. त्याने शांतपणे हात पुसले आणि विचारलं, "बाईनू, गावातले बल्ब जातत तां कधी?"

"कधी म्हणजे?"

"म्हणजे रात्री जळता जळता जातत, काय तिनसांजेक पेटवल्या पेटवल्या जातत?"

मी बोटांवर मोजायला लागले. आमच्या घरातले दोन, शाळेतला एक, मारुतीच्या देवळातला. सगळे तिनसांजेला. सगळे बटण दाबल्यावर.

तो म्हणाला, "ह्या माझा इंजिनय तसाच. चलता तेव्हा चलता, काय्येक दुखणा नाय. चालू करूच्या टायमाक तेचो जीव जाता. दिसाक वीस वेळा बंद-चालू केलंय तर म्हयन्यात भंगार. तुमचो दिवो जळान मरणा नाय बाईनू, पेटान मरता."

मी चालत घरी आले ती त्याच्यावर रागावूनच. चौथी शिकलेल्या माणसाने मला शिकवावं! दोन दिवस राग टिकला. तिसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहून माझंच वाक्य मला म्हणून दाखवत होती, "धातू तापला की त्याचा रोध वाढतो, थंड असला की कमी असतो." मी म्हटलं, बस खाली. आणि मीही खुर्चीत बसले. दिव्यातली तार थंड असते तेव्हा तिचा रोध अगदी कमी. बटण दाबताक्षणी वीज तिच्यात धोधो घुसते, क्षणात ती तार थंडगारची पांढरीशुभ्र होते. एकदा तापली की तिचा रोध वाढतो आणि वीज आपोआप आवरती होते. सगळा मार त्या पहिल्या क्षणात. आणि तो पहिला क्षण मी तिला एका संध्याकाळी पंचवीस वेळा दाखवत होते. वर पंखा बंद करून, तापलेल्या काचेला तशीच घुसमटत ठेवत होते. पुस्तकात होतं, तोंडपाठ होतं, परीक्षेत विचारत होते. कंदिलाची वात खाली केली तर तेल वाचतं, म्हणून मी विजेच्या दिव्याचा जीव घेत होते.

त्या संध्याकाळी मी इंजिनवाल्याकडे परत गेले आणि चूक कबूल केली. हे मला आयुष्यात फार वेळा करावं लागलेलं नाही, त्यामुळे नीट जमलं नाही. तो हसला आणि म्हणाला, "आता किती दिस काढूचे आसत तेका?" मी म्हटलं, दिवस नाहीत, एकच संध्याकाळ. आईची.

त्यानंतर मी यंत्र चादरीत गुंडाळलं. कुणीही येऊ दे. मामेभाऊ रुसला, हेडमास्तरीणबाईंनी दोनदा विचारलं, मी सरळ नाही म्हटलं. "आईन अजून बघूक नाय," एवढंच सांगायचे. हे वाक्य मी पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आबा दाखवले, आणि ज्या बाईने त्यांच्यासोबत चाळीस वर्षं काढली, तिच्या वाटणीचा उजेड पाहुण्यांना वाढून टाकला. याची मला लाज वाटत होती आणि अजूनही वाटते.

वर्षश्राद्ध झालं. ब्राह्मण जेवून गेले, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, "आज लावया?" ती म्हणाली, "लाव."

इंजिनवाल्याने सांगून ठेवलं होतं. इंजिन सुरू झालं की पहिला अर्धा तास वीज नाचते, तेवढा वेळ थांबा. गावातले सगळे दिवे लागून दाब स्थिर झाला की मग पेटवा. "मी इंजिनाच्या बाजूसून हलणंय नाय आज," असंही म्हणाला. मी दार लावून घेतलं. कुणी हाक मारली तरी उठायचं नाही असं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या घराचं दार तिनसांजेला बंद होतं. आईला भिंतीसमोर बसवलं. ती पदर सावरून बसली, पाहुण्यांसमोर बसावं तशी.

आधी पंखा. तो फिरू दिला. मग दिव्याचं बटण. माझा अंगठा त्या बटणावर किती वेळ होता कोण जाणे. आईच म्हणाली, "कसली वाट बघतंस गो?" मी दाबलं.

लागला.

माड हलले. समुद्र आला. म्हैस आली, आई म्हणाली, "ह्या म्हशीक कित्याक घेतल्यान?" आणि मग आबा. फाटकातून आले, गाथण हलत होती, दादावर चिडले. आईने दोन्ही हात तोंडावर धरले. आबांनी पाय धुतले, पायऱ्या चढले, घरात आले.

रीळ संपत आलं. आता नेहमीसारखा दिवा बंद करून गुंडाळायचं नव्हतं. दिवा बंद करायचाच नव्हता. मी सकाळीच त्या दांड्याची सुतळी कापून ठेवली होती. दांडा ओढला. आबा मागे जायला लागले. पायऱ्या उतरले, पायांवरचं पाणी उडून परत तांब्यात गेलं, वहाणा पायांत शिरल्या, छत्री काखेत गेली आणि मागच्या मागे चालत ते फाटकाबाहेर निघाले.

मी आईकडे बघायचं टाळत होते. तिला ती विटंबना वाटली तर?

आई म्हणाली, "आता खंय चलले?" आणि हसली. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. "मासे परत करूक गेले असतले. ताजे नसतले."

मी दांडा पुढे केला. आबा आले. मागे ओढला, गेले. पुन्हा आले. आई प्रत्येक वेळी काहीतरी बोलत होती, त्यांच्याशी, दादाशी, कधी माझ्याशी. धोतर खालून फाटलेलं तिला दिसलं. डाव्या गुडघ्यावर भार देत नव्हते हे तिला दिसलं. मी ते रीळ किमान शंभर वेळा पाहिलं होतं आणि मला दोन्ही दिसलं नव्हतं. दिवा एकसारखा जळत होता. कुठे थरथर नाही, लुकलुक नाही. तासभर आबा आमच्या घरी येत-जात होते.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, मी चुकलंय. पयलो दिवो मी घालवलंय. सगळ्या गावाक दाखवलंय आणि तुझ्यासाठी..."

"माका ठाऊक आसा," ती भिंतीवरची नजर न काढता म्हणाली. "थंय चुलीपुढे बसान आयकी होतंय मी. टक् करून वाजला काय बायलो म्हणत, आबा इले. दर खेपेक माझो हात पाटाकडे जाय. माका वाटा, खराच इले. मगे परत टक् करून वाजा."

पंचवीस वेळा. एका संध्याकाळी.

आबा त्या वेळी मागे मागे जात फाटकापाशी पोचले होते. माझा हात बटणाकडे गेला तशी आई म्हणाली, "असो नको मालव. तेंका घरात येवंक दे."

मी त्यांना येऊ दिलं. गाथण, छत्री, वहाणा, पाणी, पायऱ्या. मोठे मोठे होत घरात शिरले. "इले," आई म्हणाली. "आता मालव."

मी दिवा बंद केला. पंखा चालू ठेवला. काळोखात त्याची घरघर तेवढी राहिली. "ह्या आता कित्याक?" आईने विचारलं. मी म्हटलं, दिवो थंड होयपर्यंत. ती यंत्राशी आली, त्यातून येणाऱ्या गरम वाऱ्यावर तळवा धरून उभी राहिली, आणि वारा गार झाल्यावरच तिने हात काढला. त्या दिव्याने पुढे आईच्या हयातीतली सगळी वर्षं काढली. वर्षातून एक संध्याकाळ, एकदाच पेटवायचा, आबा घरात आल्यावर मालवायचा. मी तो पुन्हा कधी जाऊ दिला नाही.

खोलीतला दिवा लावला तेव्हा आई स्वयंपाकघरात गेली होती. मागोमाग गेले तर तिने भिंतीशी टेकवलेला आबांचा पाट उचलला होता आणि पदराने पुसत होती. पुसून झाल्यावर तो तिने चुलीसमोर मांडला, ताट ठेवलं आणि मला म्हणाली, "बस. जेवूक वाढतंय."